अण्णांचा श्वास, अक्कांचं गाणं

मी गाणं शिकायला गेले होते, आणि पहिले पाच आठवडे मला कुणी साधा 'सा' लावू दिला नाही.

बेंगळुरूत, अगरा तळ्याच्या मागच्या गल्लीत ते बैठं घर होतं. आतल्या खोलीत अक्का गाणं शिकवायच्या आणि बाहेरच्या व्हरांड्यात त्यांचे यजमान, म्हणजे अण्णा, श्वास शिकवायचे. नवीन आलेल्या माणसाची सुरुवात व्हरांड्यात व्हायची. अण्णांनी 'सरी', म्हणजे ठीक, म्हटल्याशिवाय त्याला आत जायची परवानगी नव्हती. आतून पेटीचे सूर यायचे, अक्कांचा भरदार आवाज यायचा, आणि बाहेर आम्ही दोघं-तिघं नवशिके चटईवर उताणे पडून, पोटावर नाचणीच्या पिठाची दोन-दोन किलोंची पुडी ठेवून ती वरखाली करत असायचो. अण्णा आमच्या उशाशी उभे असायचे.

"पुडी वर गेली पाहिजे. छाती नाही," ते सांगायचे. "निधान. निधान."

निधान म्हणजे कन्नडात सावकाश. अण्णांच्या घरी मराठीच बोलत, पण ती कितीतरी पिढ्या बेंगळुरूत मुरलेली मराठी होती. तिच्यात स्वल्प होतं, सरी होतं, आणि समोरच्या कुठल्याही वयाच्या बाईला लावायचं 'अम्मा' होतं. मी नागपूरची. पहिल्या दिवशी त्यांचं अर्धं बोलणं मी अंदाजानंच घेतलं. पण त्यांचं पहिलं वाक्य मात्र मला स्पष्ट कळलं. मी माझं नाव, ऑफिस बेळ्ळंदूरला आहे, राहते एचएसआर लेआउटमध्ये, लहानपणी चार वर्षं गाणं शिकले होते, वगैरे सगळं एका दमात सांगून टाकलं. अण्णांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तू सगळं खांद्यानं बोलतेस, अम्मा."

मी खांद्यानं बोलते हे मला चौतीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर मी गेले होते ती एका फजितीमुळे. आदल्या वर्षी आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी एक अभंग म्हटला. धृपद बरं झालं. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत मध्येच माझी हवा संपली. शब्द तोंडात होता आणि तो बाहेर ढकलायला मागे काहीच नव्हतं. तबलजी पुढे निघून गेला आणि मी माइकसमोर तोंड उघडं ठेवून उभी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या समजूतदारपणाच्या होत्या, आणि त्याच मला जास्त लागल्या. त्यानंतर ऑफिसातही बोलताना मला दम लागायला लागला. कॉलवर चार वाक्यं झाली की आवाज पातळ व्हायचा. गाणं सुधारलं तर बाकीचंही सुधारेल, अशा आशेनं मी अक्कांचा पत्ता मिळवला होता. वाटेत अण्णा आहेत हे पत्ता देणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

अण्णा गाण्यातले मुळीच नव्हते. तीस वर्षं ते बोम्मसंद्र्याला हवेचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार पंपात हवा भरायची, तो पाण्याच्या हौदात बुडवायचा आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर हौद तिथंच राहिला, पण नजर त्यांच्याबरोबर घरी आली. कुणीही माणूस दिसला की तो कुठून गळतोय हे ते आधी पाहायचे. कोपऱ्यावरचा नारळवाला 'श्वास उचलून' बोलतो. देवळातले भट मंत्राच्या मध्यात चोरून श्वास घेतात आणि तो चोरलेला सगळ्यांना ऐकू येतो. टीव्हीवर एखादा पुढारी तावातावानं बोलत असला की अण्णा आवाज बंद करून नुसते त्याचे खांदे बघायचे आणि म्हणायचे, "याचं काही खरं नाही. दोन मिनिटांत खोकतोय बघ." आणि तो खोकायचा.

दिसायला काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे हात न वळवता सेकंदकाटा दिसावा. हातात एक लाकडी फूटपट्टी. ही पट्टी मारायची नव्हती. ती ते आमच्या खांद्यावर आडवी ठेवायचे आणि श्वास घ्यायला सांगायचे. पट्टी पडली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात माझ्या खांद्यावरून ती इतक्या वेळा पडली, की आतून अक्कांनी ओरडून विचारलं, "अहो, सुतारकाम चाललंय का?"

अण्णांची शिकवण एवढीशीच होती. सगळे लोक श्वास घेण्याच्या मागे लागतात, आणि तिथंच चुकतात. "घ्यायला शिकवावं लागत नाही," ते म्हणायचे. "जन्मल्या जन्मल्या येतं ते. सोडायला शिकवावं लागतं. आधी सगळा सोड. मग पोट सैल टाक. तो आपला आपण येतो. त्याला ओढून आणू नको, तो काय तुझा कर्जदार आहे?"

सोडण्याचा सराव म्हणजे दात जुळवून 'स्स्स' करत राहायचं. आवाज एकसारखा हवा, वर नाही, खाली नाही, शेवटी झटका नाही. संपला की आवाज न करता श्वास आत घ्यायचा आणि पुन्हा 'स्स्स'. हा सराव मी घरी बाथरूममध्ये करायचे, कारण माझी पाच वर्षांची मुलगी दुसऱ्या कुठल्याही खोलीत मला एकटीला सोडायची नाही. एका रविवारी सकाळी मी असाच सराव करत असताना नवऱ्यानं दारावर हलकेच टकटक केली.

"बाहेर ये," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हळू ये. पाय आपटू नको. डक्टमध्ये साप आहे."

मी जशी होते तशी बाहेर आले. दिवाणखान्यात इमारतीचा वॉचमन उभा होता, खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या, आणि लांब आकडा नि कापडी पिशवी घेतलेला एक साप पकडणारा गृहस्थ उभा होता. बाईंनी त्यांच्या बाथरूमच्या खिडकीतून फूत्कार ऐकला होता. बराच वेळ, अगदी सलग. बागेकडून धामण येते कधीकधी, म्हणून त्यांनी तातडीनं फोन लावला होता. साप पकडणाऱ्यानं बाथरूमच्या दाराला कान लावून वीस मिनिटं वाट पाहिली.

"आता शांत झालाय," तो शेवटी म्हणाला. "माणसांची चाहूल लागली असणार."

मला एव्हाना सगळं समजलं होतं. पण चार माणसांसमोर, तो साप मी होते, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं. मला वाटलं हसतील. आतल्या खोलीत अक्का पेटीवर डोकं टेकवून हसत होत्या, ते मला दारातून दिसत होतं. अण्णा मात्र गंभीरपणे म्हणाले, "त्या बाई सलग म्हणाल्या? मध्ये तुटलं नाही?"

"सलग म्हणाल्या. दोन-तीन मिनिटं तरी."

"तेवढी हवा तुझ्यात नाही. म्हणजे मध्ये तू चार-पाच वेळा तरी श्वास घेतलास, आणि त्यांना तो ऐकू आला नाही." त्यांनी फूटपट्टी खिडकीत ठेवून दिली. "सरी. उद्यापासून आत जा."

अशी मी पास झाले.

आत गेल्यावरही अण्णांपासून सुटका नव्हती. कानावरची पेन्सिल त्यासाठीच होती. अक्का नवीन बंदिश वहीत लिहून द्यायच्या आणि अण्णा तीत श्वासाच्या जागी बारीक रेघ मारायचे. इथं घे, इथं नको, इथं घेतलास तर शब्द फुटतो. ते ठीक होतं. पण हात वळला की माणूस थांबत नाही. त्यांच्याकडचं वर्तमानपत्र मी कधी रेघांशिवाय पाहिलं नाही. अग्रलेखात तर एका वाक्याखाली 'हा माणूस मेला असता' असं लिहिलेलं होतं. पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा अक्का ती नातेवाइकांना द्यायला निघाल्या, आणि पहिल्या घरी पाकीट उघडल्यावर कळलं की अण्णांनी साठही पत्रिकांवर यजमानांच्या नावांमध्ये रेघा मारल्या आहेत.

"वाचताना धाप लागत होती," ते म्हणाले. "आठ नावं, आणि मध्ये एक पूर्णविराम नाही."

अक्का त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, की जेवायला या.

एकदा मात्र त्या पेन्सिलनं मला वाचवलं. ऑफिसात मोठ्या साहेबांपुढे आमच्या कामाची मांडणी मला करायची होती आणि आठवडाभर मला त्याचीच भीती होती. मी अण्णांना सहज म्हटलं. ते म्हणाले, "काय बोलणार ते कागदावर आण." मी इंग्रजीतली दोन पानं नेली. अण्णांना त्यातलं काही कळलं नसावं, पण त्यांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि जिथं माझा खांदा हलला तिथं तिथं रेघ मारली. मग म्हणाले, "रेघ आली की गप्प बस. पूर्ण सोड. ते थांबतील. त्यांना घाई असली तरी थांबतील." मांडणीच्या दिवशी मी इब्लूरच्या सिग्नलला पाऊण तास अडकले, गाडीच्या काचा वर करून पूर्ण वेळ 'स्स्स' केलं आणि ऑफिसात जाऊन बोलले. रेघ आली की गप्प बसले. लोक खरंच थांबले. नंतर एक सहकारी म्हणाला, "तू फार विचार करून बोलतेस." मी विचार अजिबात करत नव्हते. मी पोट सैल टाकत होते.

आता ज्या माणसानं आम्हाला हे सगळं शिकवलं, त्यानं स्वतः गावं अशी आमची फार इच्छा. अण्णांचा श्वास आम्ही मोजला होता. 'स्स्स' ते पन्नास सेकंद ओढायचे, आणि वर पेपर वाचत. पण गा म्हटलं की ते काहीतरी काम काढून बाहेर जायचे. कारण मला गणपतीत कळलं. आरती सुरू झाली आणि अक्कांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर अण्णांच्या हातात घंटा दिली. मग दुसऱ्या हातात दुसरी घंटा दिली. तरीही तिसऱ्या कडव्याला भक्ती अनावर होऊन अण्णांनी तोंड उघडलं आणि तो सूर... तो कुठल्याच पट्टीत नव्हता. शेजारच्या घरी चाललेल्या आरतीशी तो कदाचित जुळला असता. आणि श्वास जबरदस्त असल्यामुळे तो संपतही नव्हता. आम्ही सगळे थांबलो तरी तो चालू होता.

"देवानं हवा दिली, वाट नाही दिली," प्रसाद वाटताना अक्का मला म्हणाल्या.

अक्कांनी स्वतः मात्र अण्णांच्या व्हरांड्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांचं गाणं त्यांच्या आईकडून आलेलं. श्वास कुठे घ्यायचा हे त्यांना कुणी सांगायला गेलं की त्या म्हणायच्या, "मी काय पंप आहे?" अण्णा मग मुकाट्यानं नाचणीची पुडी उचलून जागेवर ठेवायचे.

मी शिकायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी अक्कांना न्यूमोनिया झाला. बारा दिवस त्या हॉस्पिटलात होत्या. घरी आल्या तेव्हा माणूस तेच होतं, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता. "कॉफी घे" एवढं म्हणताना मध्ये थांबायला लागायचं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं सुधारतील, व्यायाम करायला हवा. अक्कांनी एकदा पेटीशी बसून सूर लावून पाहिला. चौथ्या सेकंदाला खोकल्याची उबळ आली आणि ती पाच मिनिटं थांबली नाही. त्यानंतर त्यांनी पेटीवर कापड घातलं. आम्हाला निरोप पाठवला, वर्ग बंद. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी बंदिशींच्या तीन वह्या माझ्या हातात ठेवल्या. "तुझ्याकडे असू देत. इथं वाळवी लागेल."

हॉस्पिटलातून त्यांना एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. तीन कप्पे, तीन गोळ्या. नळीतून श्वास आत ओढायचा, आणि ओढ जितकी जास्त तितक्या गोळ्या वर चढतात. अक्कांची एक गोळी जागच्या जागी थरथरायची आणि खाली बसायची. त्या दिवशी मी तिथंच होते. अण्णा पलंगाशी बसले होते. ते म्हणाले, "तू फार खेचतेस. हे बघ, असं. निधान." आणि त्यांनी नळी तोंडात धरली. तिन्ही गोळ्या टणकन वर गेल्या. गेल्या त्या वरच राहिल्या. अण्णांची नजर सवयीनं मनगटातल्या घड्याळाकडे गेली.

अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"तुमचं झालं की," त्या म्हणाल्या, आणि दम घेऊन पुढे म्हणाल्या, "दिवा बंद करा."

गोळ्या खाली पडल्या. अण्णांनी यंत्र कपाटावर ठेवलं, दिवा बंद केला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागून आले. ते तळ्याच्या दिशेनं बघत होते आणि त्यांचे खांदे वरखाली होत होते. भराभर, उथळ. मी तसं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "खांदे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसले. बराच वेळ नुसता श्वास सोडत राहिले.

"मला सूर कळत नाही, अम्मा," ते म्हणाले. "ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न झालं तेव्हा हिचं गाणं ऐकायला लांबून लोक यायचे. माना हलवायचे. मी पुढे बसायचो, नवरा म्हणून. ते कशावर मान हलवतायत ते मला कळायचं नाही. मी त्यांच्याकडे बघून हलवायचो, ती अर्धा सेकंद उशिरा हलायची. लाज वाटायची." ते थांबले. "एक गोष्ट कळायची. ती कुठं श्वास घेते ते. ते मला दिसायचं. मग मी तेच धरलं. डोळे मिटून बसायचो आणि मोजायचो. कुठं घेतला, किती पुरवला, कुठं राखून ठेवला. चाळीस वर्षं मोजला. मी तुम्हाला शिकवतो ते सगळं तिचंच आहे. कारखान्यातलं त्यात काही नाही."

"अक्कांना माहीत आहे?"

"तिला कशाला सांगायचं. ती म्हणेल, गाणं सोडून भलतंच ऐकत बसले."

मी हे माझ्याजवळ ठेवायला हवं होतं. पण पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा अण्णा दुकानात गेले होते, अक्का खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा इतका विझलेला होता, की मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. अर्धा सेकंद उशिरा हलणाऱ्या मानेसकट.

अक्का हळूहळू, तुकड्या-तुकड्यानं म्हणाल्या, "डोळे मिटून बसायचे खरे. मला वाटायचं, झोपतात." त्यांनी पदर सारखा केला. "चाळीस वर्षं मी त्यांना मनात बोल लावला. मैफल संपली की विचारायची, कसं झालं. म्हणायचे, पुरलं. मला वाटायचं, माणसाला कंटाळा आला."

अण्णा पिशवी घेऊन आले. अक्का म्हणाल्या, "अहो, ती पुडी आणा."

"कुठली?"

"नाचणीची. मी शिकते." त्यांनी दम घेतला. "पण एक अट आहे. तुम्ही माझ्याकडे 'सा' शिकायचा. रोज. दहा मिनिटं तुमची, दहा माझी."

अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर कितीदा आठवून हसले आहे. व्हरांड्यात शेकडो लोकांना उताणं पाडलेला माणूस पिशवी हातात घेऊन दारात उभा होता, आणि पळायला जागा नव्हती. "मला नाही यायचं ते," ते म्हणाले.

"मलाही नाही येत आता," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी शनिवारी सकाळी जायचे, तेव्हा दोन्ही वर्ग बघायला मिळायचे. आधी अक्का चटईवर पडायच्या. पोटावर पुडी. "या पिठाचे मुद्दे, नाचणीचे उंडे, झाले असते चार जणांचे," त्या कुरकुरायच्या. अण्णा आता पट्टी वापरत नव्हते आणि घड्याळ त्यांनी काढून खुंटीला अडकवलं होतं. आम्हाला सेकंद विचारणारे अण्णा अक्कांना फक्त म्हणायचे, "सोड. बस. आलं ते आलं." खोकला आला की तो संपेपर्यंत पाठीवर हात ठेवून बसायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. महिन्याभरानं एक गोळी वर चढली. अण्णांनी ती बातमी मला ऑफिसात फोन करून सांगितली. मी कॉलवर होते. मी कॉल थांबवला.

मग अण्णांची पाळी. श्रुतीची पेटी म्हणून विजेवर चालणारा छोटा डबा असतो, तो तंबोऱ्यासारखा एकसारखा झंकारत राहतो. अक्का तो लावायच्या आणि म्हणायच्या, "ऐका. आधी नुसतं ऐका. आत सापडला की मग तोंड उघडा." अण्णा ऐकायचे. मान डोलवायचे. मग तोंड उघडायचे आणि सूर भलत्याच ठिकाणी लागायचा, आणि एकदा लागला की तिथं पाय रोवून उभा राहायचा.

"लांबी उत्तम," अक्का म्हणायच्या. "घर चुकलं."

असे आठ महिने गेले. अक्कांची दुसरी गोळी चढली. तिसरी नाही चढली, आणि डॉक्टर म्हणाले ती कदाचित चढणारही नाही. बोलणं पुष्कळ सुधारलं. वर्ग पुन्हा सुरू झाला, पण अक्का पेटीवर वाजवून दाखवायच्या, गाऊन दाखवायच्या नाहीत. कुणी आग्रह केला की म्हणायच्या, तीन सुरांत श्वास संपतो, तीन सुरांचं काय गाणं असतं? अण्णांच्या सुरात मात्र काडीचा फरक पडला नव्हता. तरी रोज सकाळी ते दहा मिनिटं शिक्षा भोगल्यासारखे बसायचे, कारण ते बसले नसते तर अक्काही चटईवर पडल्या नसत्या.

त्यानंतर नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही बेंगळुरू सोडायचं ठरलं. शेवटच्या शनिवारी मी वह्या परत करायला गेले. सकाळचे आठ वाजले असतील. अक्कांचा व्यायाम झाला होता आणि अण्णा श्रुतीच्या पेटीसमोर मांडी घालून बसले होते. मी दारातच थांबले.

अण्णांनी श्वास सोडला. पोट सैल टाकलं. आणि 'सा' लावला.

अक्कांनी चटकन मान वर केली. मीही. तो लागला होता. थोडा खरखरीत, कडेला जरा चुरगळलेला, पण पेटीतल्या सुरात मिसळून गेलेला.

अक्का हात वर करून म्हणाल्या, "लागला. हलू नका. तिथंच राहा."

अण्णा हलले नाहीत. त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत, न जाणो त्यानं सूर सांडेल. आणि त्याच वेळी वीज गेली. पंखा थांबला, श्रुतीची पेटी गप्प झाली. खोलीत एकटे अण्णा उरले. त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली, पण त्यांनी सूर सोडला नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, पुढेही.

अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी गायला सुरुवात केली. भूपाचे तीन सूर घेतले आणि थांबल्या. श्वास संपला होता. पण गाणं थांबलं नाही, कारण खाली अण्णांचा 'सा' होता. त्यावर त्यांनी सावकाश श्वास भरून घेतला आणि पुढचे तीन सूर ठेवले. पुन्हा थांबल्या. त्या गात असताना अण्णांनी आवाज न करता आपला श्वास घेतला आणि 'सा' पुन्हा धरला. असं ते चाललं. त्या थांबल्या की हे असायचे, हे थांबले की त्या असायच्या. मध्ये कुठे भोक पडलं नाही. खोकला आला नाही. अक्कांचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक होता, आणि प्रत्येक सूर त्या जपून, निवडून ठेवत होत्या. मी वह्या छातीशी धरून उंबऱ्यावर उभी राहिले. मला काही हलवायची भीती वाटत होती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वीज आली. पंखा फिरला आणि श्रुतीची पेटी आपोआप झंकारायला लागली, आणि त्याबरोबर कळलं की अण्णा केव्हाच घसरले होते. चांगले अर्धा सूर खाली उतरले होते. आणि अक्का, ज्यांनी केसभर उतरलेल्या माणसाला महिनाभर एकच पलटा घोटायला लावला होता, त्याही त्यांच्याबरोबर उतरल्या होत्या. खोलीत दोन 'सा' झाले आणि ते एकमेकांना घासायला लागले. अण्णांचा चेहरा पडला. त्यांना सूर कळत नव्हता, पण एवढं त्यांनाही कळलं. ते थांबणार, तोंड मिटणार, असं मला दिसलं.

अक्कांनी गाता गाता हात लांब केला आणि पेटीचं बटण बंद केलं.